सहाशे बावीस

खेड्यातल्या लोहारशाळेत बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना ज्यांनी लहानपणी पाहिले असेल त्यांना आठवत असेल की, लोखंडाचे ते कडे गोवऱ्यांच्या विस्तवात लाल होईपर्यंत तापवून, दोघातिघांनी सांडशीत धरून, लाकडी पुठ्ठ्यांवर ठोकून बसवीपर्यंत आणि मग घागरीमागून घागर ओतून ते थंड करीपर्यंत जी धांदल उडे, तिच्या कितीतरी आधी, कोणाचे लक्ष नसताना, लोहाराने खरे काम उरकलेले असे. ते काम म्हणजे लाकडी चाकाचा बाहेरचा घेर आणि लोखंडी धावेचा आतला घेर ही दोन मापे एकमेकांशी ताडून पाहणे. धाव किंचित लहान हवी, कारण तापल्यावर ती वाढते आणि निवल्यावर आवळते; परंतु हे ‘किंचित’ चुकले तर एक तर ती बसत नाही, किंवा बसून पहिल्याच खडकाळ उतारावर गळून पडते. धावेची जाडी किती, तिचा बाहेरचा व्यास किती, गाडी रस्त्यावर किती उंच दिसेल, या गोष्टींची चौकशी त्या घटकेला लोहार करीत नसे, कारण धाव बसते ती आतल्या वर्तुळावर, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते.

सायकलचा टायर हा त्या धावेचाच वंशज आहे. लोखंडाच्या जागी रबर व सूत आले, विस्तवाचे काम हवेकडे गेले, पण मूळ प्रश्न जागचा हलला नाही. असे असताना ज्या एका मापावर टायरचे बसणे न बसणे अवलंबून असते, नेमके तेवढेच वगळून बाकी सर्व मापांवरून त्याला नावे देण्याचा शिरस्ता सायकलच्या व्यापाराने कित्येक दशके इमानेइतबारे पाळला, आणि त्याचे अवशेष आजही प्रत्येक दुकानात टांगलेले आहेत.

या शिरस्त्याची किंमत मी एकदा स्वतः मोजलेली आहे. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई त्या काळाच्या अखेरीस, जर्मनीत नोकरीला असलेल्या माझ्या मावसभावाने परतताना आणलेली, लांब प्रवासासाठी घडविलेली एक देखणी सायकल माझ्या वाट्याला आली. दोन वर्षांनी तिचा मागला टायर विटला. त्याच्या अंगावर २८ × १-५/८ × १-३/८ असा एखाद्या जुन्या जमाबंदीत शोभेल असा तिहेरी तपशील कोरलेला होता, आणि त्याच्या शेजारी, अधिक बारीक अक्षरांत, ३७-६२२ असा एक आकडा होता, तो मला कारखान्याचा काही अनुक्रमांक असावा असे वाटले. मी दुकानात गेलो.

“अठ्ठावीसचाच द्यायचा ना, साहेब?” दुकानदाराने विचारले.

“हो काका, अठ्ठावीसचाच,” मी म्हणालो. कारण त्या अपूर्णांकांच्या जंगलात मला कळलेला तेवढा एकच शब्द होता.

त्यांनी २८ × १-१/२ असा शिक्का असलेला, आपल्याकडच्या दणकट काळ्या सायकलींना लागतो तो टायर काढला. तो रिमवर इतक्या सहज चढला की टायर चढवायच्या पट्ट्यांना हात लावावा लागला नाही. “नवा टायर असा हातानं बसला म्हणजे चाक नशीबवान,” असे म्हणून काकांनी पंप जोडला. दहा-बारा झटके झाले असतील नसतील, तोच टायरचा काठ एका बाजूने रिमवर चढला, आतून ट्यूबचा गुलाबी फुगा डोकावला आणि बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज होऊन शेजारच्या हॉटेलातली माणसे बाहेर आली. काकांनी काठ तपासला, रिम तपासली. दोहोंतही काही खोट नव्हती. ‘अठ्ठावीस’ आणि ‘अठ्ठावीस’ यांच्यात तेरा मिलिमीटरांचा फरक होता, एवढेच.

हे तेरा मिलिमीटर कोठून आले ते समजण्यासाठी टायर रिमवर मुळात टिकतो कसा ते पाहिले पाहिजे. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बांधली, ही कथा शाळेच्या पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक आहे. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच तशा चाकाचे पेटंट मिळविले होते आणि त्यामुळे डनलॉपचा हक्क पुढे टिकला नाही, हे मात्र पुस्तके बहुधा सांगत नाहीत. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने या दोघांपैकी कोणीच महत्त्वाचा नाही. डनलॉपची नळी कापडात गुंडाळून रिमला चिकटवून टाकलेली असे, आणि ती फुटली म्हणजे दुरुस्ती हे काही तासांचे प्रकरण होऊन बसे. टायर सुटा करता यावा आणि तरीही चालताना सुटू नये, या परस्परविरोधी मागण्यांचा मेळ घातला तो १८९० साली, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने, दोन निरनिराळ्या माणसांनी आणि दोन निरनिराळ्या युक्तींनी.

चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने टायरच्या दोन्ही काठांत न ताणणाऱ्या तारेचे वळे घातले आणि रिमच्या मध्यभागी खोलगट पन्हळ ठेवली. तारेचे वळे रिमच्या कडेपेक्षा लहान, म्हणून हवा भरल्यावर ते बाहेर निसटू शकत नाही. पण हवा सोडून एका बाजूचा काठ मधल्या पन्हळीत ढकलला की विरुद्ध बाजूला तेवढी ढील मिळते आणि तो कडेवरून उतरतो. पंक्चर काढणारा प्रत्येक माणूस, त्याला वेल्चचे नाव ठाऊक असो वा नसो, दररोज हीच भूमिती वापरतो. आणि नवा टायर चढविताना शेवटचा तुकडा व्हॉल्व्हपाशी यावा असे जाणते कारागीर म्हणतात तेही याच कारणाने: व्हॉल्व्हपाशी काठ पन्हळीत उतरू शकत नाही, म्हणून उतरण्याचे काम समोरच्या बाजूने करावे लागते. दुसरा गृहस्थ विल्यम बार्टलेट. त्याने तारेची भानगड टाळून रिमच्या कडाच आत वळविल्या आणि टायरच्या जाड रबरी काठांना त्या आकड्यांत अडकविले. पुढे डनलॉपच्या कंपनीने दोघांचेही हक्क विकत घेतले. (१८९१ च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सुमारे १२०० किलोमीटरांच्या शर्यतीत शार्ल तेराँ हा मिशलँचा सुटा टायर घालून जिंकला आणि सुट्या टायरची बाजारात कायमची द्वाही फिरली.) वेल्चची तार आणि बार्टलेटचा आकडा ही जोडगोळी वाचकाने ध्यानात ठेवावी, शतकभराने तिचे पुन्हा काम पडणार आहे.

तारेचे वळे रिमच्या ज्या बैठकीवर टेकते त्या बैठकीचा व्यास, हेच लोहाराचे आतले माप. पण १८९० नंतरच्या व्यापाऱ्याला टायर विकायचा होता तो चाकाच्या उंचीवरून, म्हणून इंग्रजांनी बाहेरच्या व्यासाचे इंच आणि टायरच्या जाडीचे इंच अशी दुहेरी नावे पाडली. २८ × १-१/२ याचा अर्थ बाहेरून अठ्ठावीस इंच आणि जाडी दीड इंच. अठ्ठाविसातून दोन्ही बाजूंचे तीन इंच वजा करावे म्हणजे पंचवीस इंच, अर्थात बरोबर ६३५ मिलिमीटर, ही बैठक मिळते. २६ × १-१/२ चा हिशेब केला तर ५८४ येतात, २६ × १-३/८ चा केला तर ५९०. येथवर सर्व काही सरळ आहे. परंतु चाक उंचीने तेवढेच ठेवून टायर बारीक करायचा तर बैठक मोठी करावी लागते, म्हणून ‘सव्वीस इंच’ या एका नावाखाली पाच-सहा निरनिराळ्या बैठका जन्मास आल्या आणि त्यांपैकी एकीचा टायर दुसरीवर बसत नाही.

फ्रेंचांनी इंच सोडून मिलिमीटर घेतले, पण चूक तीच केली. त्यांनी बाहेरचा व्यास ७०० मिलिमीटर धरला आणि टायरच्या वाढत्या जाडीप्रमाणे ए, बी, सी अशी अक्षरे जोडली. ७००ए ची बैठक ६४२, ७००बी ची ६३५ आणि सर्वांत जाड टायरच्या ७००सी ची ६२२. आजच्या शर्यतीच्या सायकलींवर जे ‘७००सी’ लिहिलेले असते ते हेच. आणि त्यातला विनोद असा की आज त्या बैठकीवर २५ मिलिमीटरांचा टायर चढविला तर बाहेरचा व्यास ६७२ च्या आसपास भरतो, म्हणजे त्यात सातशेही नाहीत आणि ‘सी’ अक्षराने सुचविलेला ३९ मिलिमीटरांचा जाडपणाही नाही. आपल्याकडे गावोगावी ‘वडाचा मळा’ किंवा ‘बारा बिघ्याची पट्टी’ अशी शेतांची नावे सातबाऱ्याच्या पलीकडल्या काळापासून चालत आलेली असतात. वड केव्हाच पडलेला असतो, पट्टीच्या वाटण्या होऊन तीन बिघेही उरलेले नसतात, पण नाव बदलत नाही आणि गावकऱ्यांची त्याबद्दल तक्रारही नसते, कारण त्यांना जागा ठाऊक असते. अडचण येते ती नव्याने जमीन विकत घेणाऱ्याला. टायर घ्यायला गेलेला मनुष्य हा असाच परगावचा खरेदीदार होय.

जर्मनांनी या ६२२ च्या बैठकीला अठ्ठावीस इंच म्हटले आणि आमच्या काळ्या सायकलींच्या ६३५ ला इंग्रजांनी अठ्ठावीस इंच म्हटले, हे आता सांगितले म्हणजे माझ्या टायरच्या बंदुकीच्या बाराचा अर्धा उलगडा होईल. उरलेला अर्धा असा. रिमची कड बैठकीच्या वर साधारण सहा मिलिमीटर उभी असते, म्हणजे ६२२ च्या रिमचा अगदी बाहेरचा व्यास सुमारे ६३४ भरतो. काकांनी चढविलेल्या टायरच्या तारेचे वळे ६३५ चे होते. टायर जो इतक्या कौतुकाने हाताने बसला तो बसलाच नव्हता, तो बांगडीसारखा रिमभोवती सैल लोंबत होता, आणि पंपाने फक्त त्याला रस्ता दाखविला.

यापेक्षा धोक्याचा प्रकार म्हणजे सत्तावीस इंचांचा. इंग्लंड-अमेरिकेतल्या १९८० च्या दशकापर्यंतच्या बहुसंख्य हलक्या सायकली २७ × १-१/४ या मापाच्या असत. या नावाचा आपण वर केला तसा हिशेब केला तर उत्तर जवळजवळ नेमके ६२२ येते, आणि हुशार मनुष्य तेथेच फसतो, कारण या मापाची खरी बैठक ६३० आहे. नाव आणि वस्तू यांचा संबंध येथे पूर्णच तुटलेला आहे. ६२२ चा टायर ६३० च्या रिमवर कितीही झटापट केली तरी चढत नाही, ते एक परी बरे. पण ६३० चा टायर ६२२ च्या रिमवर थोड्या प्रयत्नाने चढतो, हवाही काही काळ धरतो, आणि सुटतो तो उतारावर. पुढे सत्तावीस इंची चाक मागे पडून ७००सी सर्वत्र झाले त्यालाही एक व्यावहारिक कारण होते. शर्यतीत वापरले जाणारे, सरसाने रिमला चिकटविलेले शिवलेले टायर ज्या रिमवर बसत त्यांच्या ब्रेकची पातळी ६२२ शी जुळत असे; तेव्हा सरावाला सुटा टायर आणि शर्यतीला चिकटवलेला, अशी चाके ब्रेकला हात न लावता बदलता येऊ लागली. ६३० च्या चाकाला ब्रेकचे रबर चार मिलिमीटर वर सरकवावे लागे, आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी तेवढा धीर कोणापाशी असतो?

या बखरीत आणखी एका मनुष्याचे नाव यायला हवे. शेल्डन ब्राऊन (१९४४–२००८) या अमेरिकन कारागिराने आयुष्याचा मोठा भाग सायकलीचे ज्ञान विनामूल्य लिहून ठेवण्यात घालविला, आणि त्याने केलेले टायरच्या मापांचे तक्ते आजही कारागिरांच्या भिंतीवर असतात. त्याने आपल्या नावाने एक अर्धा-विनोदी नियम प्रसिद्ध केला. दोन टायरांची मापे गणिताने सारखी असतील, पण एक दशांशात आणि दुसरे अपूर्णांकात लिहिलेले असेल, तर ते टायर एकमेकांच्या रिमवर बसणार नाहीत, असा तो नियम. २६ × १.७५ ची बैठक ५५९ आणि २६ × १-३/४ ची ५७१. गणिताच्या मास्तरांनी कपाळाला हात लावावा अशी ही अवस्था आहे, पण नियम खरा आहे.

अखेर ब्रुसेल्सला कचेरी असलेल्या युरोपीय टायर व रिम संघटनेने, आणि तिच्याच पद्धतीवर आधारलेल्या आंतरराष्ट्रीय मानक ५७७५ ने, दप्तर एकदाचे साफ केले. या पद्धतीत दोनच आकडे. पहिला टायरची रुंदी मिलिमीटरांत, दुसरा बैठकीचा व्यास मिलिमीटरांत. २५-६२२, ३२-६२२, ४०-६३५. माझा ‘अनुक्रमांक’ हाच होता. या आकड्याचा उजेड पाडला की जुन्या नावांच्या अंधारात कोण कोणाचा सगा आणि कोण केवळ नामसादृश्याचा, ते लगेच दिसते. ७००सी, जर्मन अठ्ठावीस आणि डोंगरी सायकलींचे अलीकडचे ‘एकोणतीस इंच’ ही तिन्ही नावे एकाच ६२२ ची आहेत. फ्रेंचांचे ७००बी आणि आमचे २८ दीड ही दोन्ही ६३५. आणि सर्वांत मौजेची गोष्ट ही की डोंगरी सायकलींच्या बाजारात नवा शोध म्हणून ज्याचा गाजावाजा झाला ते ‘साडेसत्तावीस इंच’ म्हणजे फ्रेंच प्रवाशांचे जुने ६५०बी, म्हणजेच ५८४, म्हणजेच आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात धूळ खात पडलेला, ज्यावर बारीक अक्षरांत ४०-५८४ कोरलेले असते तो २६ दीड.

बैठक जुळली म्हणजे अर्धे काम झाले. दुसरा आकडा, जो लिहिताना पहिला येतो, तो रुंदीचा. आणि येथे मामला काटेकोर नसून सलोख्याचा आहे. रिमच्या दोन कडांमधले आतले अंतर तिच्यावर ६२२ × १९ अशा तऱ्हेने कोरलेले असते; त्यातले १९ म्हणजे हे आतले अंतर, बाहेरून पट्टी लावून मिळते ते नव्हे. जुन्या कारागिरांचा ठोकताळा असा की टायरची रुंदी या अंतराच्या १.४ पटीपेक्षा कमी आणि दुपटीपेक्षा जास्त नसावी. १५ च्या रिमला २१ ते ३० चा टायर, १९ च्या रिमला २७ ते ३८ चा. अरुंद रिमवर फार रुंद टायर चढविला तर त्याची आकृती विजेच्या दिव्यासारखी होते, मान बारीक आणि डोके मोठे, आणि वळणावर तो अंग टाकतो. रुंद रिमवर फार अरुंद टायर घातला तर त्याच्या बाजू फाकतात, उंची घटते आणि खड्ड्यात रिमच दगडावर आपटते. अलीकडे रुंद रिमचा जमाना आल्यापासून खालची मर्यादा सैल झाली आहे, आणि १९ च्या रिमवर २५ चा टायर आता सर्रास चालतो. वरची मर्यादा मात्र मी अजून पाळतो. आणखी एक गोष्ट नवख्यांना चकविते: टायरवर छापलेली रुंदी ही ठराविक रिमवर मोजलेली असते, आणि रिम एक मिलिमीटरने रुंद केली की टायर सुमारे ०.४ मिलिमीटरने फुगतो. त्यामुळे २८ चा टायर २३ च्या रिमवर तिशीकडे झुकलेला दिसला तर दुकानदाराशी हुज्जत घालू नये.

रुंद टायरचे हे वेड केवळ फॅशन नाही, हे मी प्रथम मानीत नव्हतो. आमच्या तरुणपणी शर्यतीचा टायर जितका बारीक आणि दगडासारखा कठीण तितका वेगवान, असा दृढ समज होता, आणि मुंबई–पुणे शर्यतीतले स्पर्धक आपल्या २० आणि २३ च्या टायरांवर बोट आपटून त्यांचा आवाज ऐकवीत. वस्तुतः जमिनीला टेकणाऱ्या तुकड्याचे क्षेत्रफळ टायरच्या रुंदीवर नव्हे, तर भार आणि हवेचा दाब यांवर ठरते. चाकावर ४० किलोंचा भार आणि चौरस सेंटीमीटरला ७ किलोंचा दाब असेल तर टायर बारीक असो की रुंद, टेकणारा तुकडा साडेपाच-पावणेसहा चौरस सेंटीमीटरांचाच. फक्त बारीक टायरखाली तो लांबट असतो आणि रुंद टायरखाली आखूड व पसरट. लांबट तुकड्यात टायरची भिंत अधिक वाकते आणि वाकण्या-उलगडण्यात ऊर्जा खर्ची पडते. त्यात खडबडीत रस्त्यावर कठीण टायर उसळतो आणि त्या उसळीचे व्याज स्वारालाच भरावे लागते. म्हणून आज व्यावसायिक शर्यतींत २८ आणि ३० चे टायर दिसतात, आणि दगडी फरशीच्या पॅरिस–रुबे शर्यतीत त्याहूनही रुंद.

मात्र रुंद टायर घेतला म्हणजे हवेचा जुना आकडा विसरला पाहिजे, आणि येथे सामान्य वाचकाने क्षणभर थांबावे, कारण अपघात येथे होतात. टायरच्या भिंतीतला ताण हा दाब आणि टायरच्या काटछेदाची त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो. २५ च्या टायरमध्ये चौरस इंचाला १०० पौंड हवा भरली तर जो ताण उत्पन्न होतो तोच ३२ च्या टायरमध्ये ७८ पौंडांत होतो. म्हणजे ३२ च्या टायरमध्ये सवयीने शंभर भरणारा मनुष्य त्याच्या काठांवर आणि रिमच्या कडांवर सव्वापटीहून अधिक ओढ लावीत असतो, आणि रिम त्याला बजावीत नाही. ती एके दिवशी फाकते. टायरवर आणि रिमवर दाबाच्या निरनिराळ्या मर्यादा छापलेल्या असतील तर त्यांतली लहान ती खरी.

आणि आता वेल्च आणि बार्टलेट पुन्हा रंगभूमीवर येतात. आपल्या काळ्या सायकलींच्या पोलादी रिमला आकडा नसतोच. तिच्या कडा नुसत्या गोल वळविलेल्या असतात, टायर पोलादी तारेच्या घट्टपणावर टिकतो, आणि हवा बेताची असल्यामुळे ते पुरेसे होते. ही शुद्ध वेल्चची व्यवस्था. पुढे १०० पौंडांचे बारीक टायर आणि तारेऐवजी घडी घालता येणाऱ्या कृत्रिम धाग्याचे काठ आले तेव्हा रिमच्या कडांना आतून आकडा काढावा लागला. तार वेल्चची, आकडा बार्टलेटचा. अलीकडे ट्यूबविरहित रुंद टायरांसाठी काही कारखानदारांनी तो आकडा पुन्हा काढून टाकला आहे, कारण कार्बनच्या साच्यात सरळ कड घडविणे सोपे, स्वस्त आणि मजबूत पडते. म्हणजे बार्टलेटला रजा देऊन पुन्हा एकट्या वेल्चवर विसंबणे. अशा बिनआकड्याच्या रिमवर दाबाची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे चौरस इंचाला साधारण ७२ पौंड, इतकीच धरली आहे, आणि त्यासाठी बनविल्याचा उल्लेख असलेलाच टायर लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या शर्यतीत थॉमस डी गेंट हा बेल्जियन स्पर्धक पडला आणि त्याच्या चाकाचा टायर रिमवरून निखळला, तेव्हा या व्यवस्थेवर मोठे वादळ उठले. रिमची आतली रुंदी २५ होती आणि टायर २८ चा. नव्या संकेताप्रमाणे त्या रुंदीला किमान २९ चा टायर हवा. दोष टायरचा, रिमचा की वाटेतल्या एखाद्या दगडाचा, याची चर्चा अद्याप संपलेली नाही. माझे मत विचाराल तर, ज्याला स्पर्धा जिंकायची नाही त्याने आकड्याची रिम घ्यावी आणि रात्री झोपावे.

सायकलीची चौकट आणि ब्रेक यांचेही म्हणणे ऐकावे लागते. शर्यतीच्या जुन्या सायकलींतले चिमट्यासारखे ब्रेक २५ च्या, फार तर २८ च्या टायरपलीकडे वाव देत नाहीत. टायरच्या दोन्ही बाजूंना निदान चार मिलिमीटर मोकळी जागा असावी, आणि कोकणात किंवा मावळात पावसाळ्यात फिरायचे असेल तर अधिक, कारण तांबडी माती चाकाबरोबर वर चढते आणि जागा नसेल तर चौकटीचा रंग किसून काढते. ट्यूबच्या बाबतीत फार चिंतेचे कारण नाही. रबर ताणते, जवळच्या मापाची ट्यूब चालून जाते. फक्त रिमचे भोक आणि व्हॉल्व्ह जुळला पाहिजे. बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह मोठ्या भोकात वायसर घालून बसविता येतो, पण मोटारीच्या जातीचा जाड व्हॉल्व्ह बारीक भोकात घालण्यासाठी कार्बनची रिम कानशीने घासू नये. ही सूचना हास्यास्पद वाटेल. मी तसे करणारा मनुष्य पाहिला आहे.

तेव्हा टायर आणायला जाण्यापूर्वी जुन्याची बाजू ओल्या फडक्याने पुसावी आणि त्यावर आडव्या रेघेने जोडलेले जे दोन आकडे सापडतील ते कागदावर लिहून न्यावे. रेघेनंतरचा आकडा तंतोतंत तोच असला पाहिजे, त्यात एका मिलिमीटरचीही सवलत नाही. रेघेआधीच्या आकड्याबाबत रिम आणि चौकट यांना विचारून थोडी घासाघीस करता येते. दुकानदाराने “अठ्ठावीसचाच ना?” असे विचारले तर कागद पुढे करावा.

काकांनी त्या दिवशी ट्यूबचे पैसे घेतले नाहीत, आणि टायर परत करायला माझे मन होईना, म्हणून मी तो घरी आणला. आमच्या दूधवाल्याची सायकल २८ दीडची होती. त्याने तो पट्ट्या लावून, दात-ओठ खात, पाच मिनिटे झगडून चढविला, आणि तो त्याच्या मागल्या चाकावर चाळीस लिटर दुधाच्या किटल्यांखाली चार वर्षे चालला.